रिकामं चघळणं

दीड महिन्यापूर्वी, एका मंगळवारी दुपारी, ताई कॉलेजच्या प्रयोगशाळेत बसल्या जागी वारली. फोन मी घेतला, चौक गावातल्या आमच्या घरी. सुधीरला जेवायला वाढलं, त्याचं जेवण होऊ दिलं आणि मग सांगितलं. तसं का केलं, अजून कळलेलं नाही.

सुधीर आमचा धाकटा भाऊ. विशीत त्याला नसलेले आवाज ऐकू येऊ लागले. गोळ्यांनी ते थांबले. पण काही वर्षांनी त्याच गोळ्यांनी त्याचं तोंड हलायला लागलं. तोंडात काही नसताना जबडा सतत चालू. नाक्यावरची माणसं विचारायची, "काय चघळतोस रं? आमाला पन दे की." ताई कर्जतजवळ फार्मसी शिकवायची. तिने हेच काम हाती घेतलं. उंदरांना आधी ती औषधं, मग आवळ्याचा अर्क द्यायचा आणि जपासाठी लोक वापरतात तसला काउंटर अंगठ्याने दाबत त्यांचं रिकामं चघळणं मोजायचं. अर्क घेतलेले उंदीर कमी चघळत. आवळ्यातली अँटिऑक्सिडंट मेंदूतल्या पेशींची झीज अडवत असावीत, असं ती म्हणायची... 'असावीत'वर जोर देऊन.

एकदा हे ती घरी बोलली. सुधीरने जोर सोडून बाकीचं ऐकलं. डोंगरावरून आवळे विकायला येणाऱ्या बायकांकडून त्याने पाटीभर आवळे घेतले, दिवसदिवस तेच खाल्ले आणि गोळ्या गुपचूप विहिरीत टाकल्या. महिन्याभरात आवाज परत आले. दवाखान्यातून घरी आणल्यावर त्याने विचारलं, "उंदरांना देतेस, मग मला का नाय गं?"

ताई म्हणाली, "उंदराला काही झालं तर मी दुसरा आणते."

त्यानंतर घरात आवळा आला नाही, लोणच्यापुरताही नाही. रोज संध्याकाळी ती समोर उभी राहून त्याला गोळी द्यायची आणि तोंड उघडायला लावायची. जेवताना मात्र तिचा अंगठा रिकाम्या मुठीवर हलत राहायचा. सुधीरला ते दिसायचं. "ताई, किती झाले?" तो हसत विचारायचा. ती हात पदराखाली घ्यायची...

कॉलेजातून तिची पिशवी आली. अ‍ॅप्रन, चष्मा, काउंटर. सुधीरने काउंटरवरचा आकडा वाचला. "ह्यात माझे पन हायेत?"

नाहीत म्हटलं. त्याने तो परत पिशवीत ठेवला.

आता संध्याकाळची गोळी मी देते. पाणी पिऊन तो तोंड उघडतो. जीभ स्थिर राहत नाही, पण गोळी गेलेली दिसते. मी मान हलवते. गोळ्या चालू आहेत. तोंडही चालू आहे.