अप्पांचा एकुलता शब्द

माझ्या थोरल्या बहिणीच्या सासऱ्यांइतकं इंग्रजी जिंतूर तालुक्यात कुणी वापरलं नसेल, आणि तेही एकाच शब्दावर. तो शब्द म्हणजे ‘फिट’. बोरीत या अप्पांचं कापडाचं दुकान होतं. दुकानाच्या ओट्यावर एक शिंपी मशीन घेऊन बसायचा, त्याच्याच तोंडून त्यांनी हा शब्द उचलला. शिंप्याकडे तो बाह्या-कॉलरपुरता होता. अप्पांनी त्याला संसाराला जुंपलं. दाराची कडी नीट बसली की फिट, वरणात मीठ बरोबर पडलं की फिट. बाजाराच्या दिवशी कुणी पिऊन रस्त्याकडेला आडवा झाला तर तो फिट, आणि कीर्तनातला दृष्टांत डोक्यात शिरला तर तोही फिट. माझ्या बहिणीला पाहायला आले, तेव्हा पोह्यांची बशी खाली ठेवत ते माझ्या वडिलांना एवढंच म्हणाले, “पाव्हणं, जोडा फिट हाय,” आणि लग्न ठरलं. “अप्पा, एका शब्दाचे किती अर्थ काढता?” असं मी एकदा विचारलं, तर शांतपणे म्हणाले, “शब्द चांगला असला की दुसरा कशाला पायजे?” मावशी, म्हणजे त्यांची बायको, आतून म्हणाल्या, “ह्यांच्या जिभेला एकच सदरा हाय. धुवायचा अन् घालायचा.”

दुष्काळ सरल्यानंतरच्या वर्षी अप्पांना ताप भरला, तो काही केल्या हटेना. त्यांना परभणीच्या दवाखान्यात ठेवलं. मी परभणीतच नोकरीला, म्हणून उशाशी मी. अखेर ताप उतरला आणि डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी घरी सोडायचं कबूल केलं. अप्पा खुशीत फाटकापर्यंत चालत आले, जिंतूरची गाडी थांबवली आणि ओळखीच्या कंडक्टरला म्हणाले, “बोरीत आमच्या घरी सांगा, अप्पा फिट.” कंडक्टरनं बोरीत घरासमोर गाडीच्या दारातूनच तेवढं ओरडून सांगितलं आणि घंटी मारली. हेच अप्पा स्वतः बोलले असते तर घरात कुणी मान वर केली नसती. पण कंडक्टरच्या तोंडी फिट म्हणजे हातपाय वाकडे करणारी, तोंडाला फेस आणणारी फिट.

मावशी मिळेल त्या गाडीनं निघाल्या. परभणीला एकट्यानं येण्याची त्यांची ही पहिलीच वेळ. पदराखाली फोडलेला कांदा होता, हुंगवायला. दवाखान्याच्या पायरीवर अप्पा बशीतून चहा पीत बसले होते.

“तू कशी काय आलीस?” अप्पा म्हणाले. “मी तर फिट हाय.”

मावशी खाली बसल्या आणि रडू लागल्या. अप्पांना वाटलं, कांद्यानं असेल. त्यांनी कांदा काढून माझ्या हातात दिला, तरी त्या थांबेनात. मग पदरानं डोळे पुसून हळूच म्हणाल्या, “पुन्हा ह्यो शब्द काढू नका. सगळ्या रस्त्यानं मी कपाळावरचं कुंकू चाचपत आले.”

अप्पांनी तो शब्द खरंच सोडला. बोलताना त्यांची फार ओढाताण व्हायची. गिऱ्हाइकाच्या अंगावरचा सदरा बघून म्हणायचे, “सैल न्हाई, आवळ न्हाई, मधलंच कायतरी हाय.” वरण कसं झालंय असं मावशींनी विचारलं, की जरा विचार करून म्हणायचे, “तुझ्या हातचं हाय.” त्या वयात मावशी लाजून आत जायच्या.

पुढं मावशी अप्पांच्या आधी गेल्या. महिन्याभरानं मी बोरीला गेलो, तर दुकान बंद होतं आणि अप्पा घरात एकटेच बसले होते. “कसं चाललंय, अप्पा?” मी विचारलं. ते बराच वेळ शब्द शोधत राहिले.

मग भिंतीकडे बघत म्हणाले, “घर लय मोठं झालंय.”