सायकल पाथरीपर्यंत आली

आमच्या नानाची सायकल अरबी समुद्रात आहे. नेमकी कुठं ते सांगता येणार नाही. पण आहे, आणि ती तिथं मी ठेवली.

नाना म्हणजे माझा थोरला भाऊ. पेडगावहून परभणीला रोज सकाळी सायकलीवर दुधाच्या कॅना नेऊन घालायचा. त्या दुधावर मी शिकलो, मास्तर झालो, आणि मास्तर झाल्यावर पोट सुटलं म्हणून गीअरची सायकल घेतली. (नानानं सायकल पोट भरायला चालवली, मी उतरवायला!) शाळेतले दोन सहकारी, माझा मेहुणा सोपान आणि मी, अशा चौघांनी दिवाळीच्या सुट्टीत कोकणातली सायकल सहल ठरवली. जीपच्या टपावर सायकली बांधून न्यायच्या आणि तिथून समुद्राच्या कडेकडेनं चालवायच्या.

नानाला कळलंच.

"बापू, मी बी येतो रं. समुद्र बघायचा राहिलाय."

सहकाऱ्यांसमोर धोतर खोचलेला नाना, कॅनांचे हूक लावलेली ती सायकल... मला लाज वाटली. आज लिहितानाही दुसरा शब्द सापडत नाही.

"नाना, वयाची अट हाय. पन्नाशीच्या वर घेत न्हाईत."

"कोण घेत न्हाई?"

"नियमच हाय तसा!"

"आन् तू?" (मी एक्कावन्न वर्षांचा होतो.)

"मास्तरांना सूट हाय."

"बरं," म्हणून नाना उठला आणि म्हशीकडं गेला.

निघायच्या आदल्या दिवशी मी माझ्या सायकलीला स्वतः तेलपाणी करायला घेतलं आणि गीअरसकट मागचं चाकच हातात आलं! हे नानाला कुणी सांगितलं देव जाणे. तासाभरात तो दारात हजर. हूक काढलेले, सायकल पुसून चकचकीत केलेली, सीटला नवं लाल कव्हर.

"घेऊन जा. सायकलीला तर वयाची अट न्हाई ना? मी न्हाई तर न्हाई, माजी सायकल तरी समुद्र बघंल."

मी मान खाली घालून ती टपावर चढवली.

कोकणात किनाऱ्याचा रस्ता म्हणजे सपाट, असं आम्ही धरून चाललो होतो. तिथं समुद्र कमी आणि चढ जास्त! बाकीचे तिघं गीअर बदलत वर जायचे. मी नानाची लोखंडी सायकल ढकलत मागून. प्रत्येक चढाला वाटायचं, ही एवढी जड, आणि वर दुधाच्या कॅना, आणि एवढी वर्षं!

तिसऱ्या दिवशी दुपारी एका किनाऱ्यावर जेवायला थांबलो. तिघांनी सायकली खानावळीच्या भिंतीला टेकवल्या. मला मात्र भरून आलं. मी नानाची सायकल ओल्या वाळूत, पार पाण्यापाशी नेली आणि हँडल समुद्राकडं करून स्टँडवर लावली. तिला नीट दिसावं म्हणून! नानासाठी फोटोही काढला.

ताट वाढता वाढता खानावळीच्या मावशी म्हणाल्या, "अहो, भरती आहे आता. ती सायकल वर घ्या."

"भरती?" सोपान म्हणाला. "पोलिसाची का मिल्ट्रीची?"

"मावशी," मी म्हणालो, "आमचं भरतीचं वय गेलं!"

चौघंही खो खो हसलो. आमच्या जिल्ह्यात भरती म्हटलं की पोरं रस्त्यानं पळायला लागतात. पाणीही पळत येतं, हे डोक्यात आलंच नाही. (मी शाळेत काय शिकवतो, हे सांगायचं राहिलं. भूगोल. भरती-ओहोटीचा धडा चंद्राच्या आकृतीसह!)

हात धुवून बाहेर आलो तर वाळूच नव्हती.

"दाजी," सोपान डोळे फाडून म्हणाला, "वरून धरणाचं पाणी सोडलं काय हो?"

आमच्या गंगेला, म्हणजे गोदावरीला, पाणी वाढलं की हाच प्रश्न विचारायचा असतो. मी तसाच पाण्यात धावलो. लाटेनं मला उचलून परत काठावर आणून बसवलं. सायकल आणली नाही. ओहोटीनंतर दोन दिवस शोधलं. मिळालं फक्त लाल कव्हर.

घरी आलो. नाना ओट्यावरच बसलेला.

"सायकल रं?"

खरं बोलायला तोंड उघडलं, आणि निघालं भलतंच. "टपावर जागा पुरली न्हाई. ट्रान्सपोर्टनं यायलीय."

मग रोज तोच प्रश्न. आठवडाभर सायकल पुण्याला अडकली. मग नगरला टेम्पो पंक्चर झाला. बीडला ड्रायव्हरच्या घरी लग्न निघालं! आमच्या चौघांपेक्षा लांबची सहल त्या सायकलीचीच झाली. मी नानाला नवी घेऊन द्यायला गेलो, तर नाना म्हणाला, "कशाला? ती यायलीय की."

उन्हाळ्यात नानानं अंथरूण धरलं. शेवटी शेवटी बोलणंही कमी झालं होतं.

"बापू, कुठवर आली?"

"माजलगावला."

"मग आता लय लांब न्हाई," म्हणाला, आणि डोळे मिटले.

दहाव्याला गंगाखेडला गंगेवर गेलो. पिंडाला कावळा शिवेना. म्हशी सांभाळू म्हणून झालं, वहिनीला बघू म्हणून झालं. ऊन चढलं. शेवटी मी पुढं झालो आणि सगळ्यांदेखत म्हणालो, "नाना, सायकल समुद्रात गेली. मी खोटं बोललो. वयाची अटबी खोटी होती."

कावळा फांदीवरून ढिम्म हलला नाही.

मागून वहिनी हलकेच म्हणाली, "भावजी, त्यांना सायकलीचं ठावं होतं. सोपानभाऊंनी त्याच दिशी फोन केलता. रोज तुमचं ऐकून यायचे आन् मला सांगायचे, आज नगरला आली, आज बीडला आली. लय हसायचे. वयाच्या अटीचं मात्र मला कधी बोलले न्हाईत."

मी परत पिंडाकडं वळलो. म्हणालो, "नाना, सायकल पाथरीपर्यंत आली."

कावळा खाली आला आणि घास उचलून गेला!

वर्षश्राद्धाला मानवतला आली म्हणून सांगायचं ठरवलंय. त्यापुढं मात्र पेडगाव फार जवळ येतं, आणि भूगोलाच्या मास्तराला अधलंमधलं एकही गाव आठवत नाही.