चार नंबरचं मशीन

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय, तर हसू नका — गोष्ट एका कीबोर्डची आहे.

सोनपेठला माझा टायपिंगचा क्लास आहे. चार नंबरच्या मशीनवर माझ्याच हातून चहा सांडला. पुसला, कीबोर्ड उन्हात वाळवला, तरी ‘क’चं बटण कामातून गेलं. दोनदा दाबल्याशिवाय अक्षर उमटेना. नवा कीबोर्ड कपाटात होता, माझ्या टेबलासाठी राखलेला. बदलायला पाच मिनिटं. मग का नाही बदलला? आळस? नुसता आळस नाही — त्या मशीनवर रुक्मिण बसायची, आणि रुक्मिण तक्रार करणारी नव्हती.

तिचं घर ऊसतोडीला जाणारं. दिवाळी झाली आणि सगळे गेले. ही एकटी मामीकडं राहिली. परीक्षा पास झाली तर कोयता सुटेल, एवढीच आशा. एकदाच हळू आवाजात म्हणाली, बटण अडकायलंय सर. मी सगळ्यांसमोर म्हणालो, “कोयत्याची बोटं हायत तुझी. बटणाला काय नावं ठेवती?”

पोरीपोरं हसली. तीही हसली. मग ‘क’ दोनदा मारायला शिकली — इतकी, की बोट आपोआप दोनदा पडायचं. मी बघत होतो. एवढं बघून कोण गप्प बसतं? मी बसलो.

परीक्षेला तिला चांगलं मशीन मिळालं. प्रत्येक ‘क’ दोनदा उमटला. चुका निस्तरता निस्तरता वेळ संपला. नापास.

पुढच्या दिवाळीनंतर ती ऊसतोडीच्या टोळीबरोबर गेली. त्यानंतर मी कीबोर्ड बदलला. लाज वाटली म्हणून? छे. तिच्या जागी आलेल्या सरपंचाच्या सुनेनं पहिल्याच दिवशी कटकट केली म्हणून.

यंदा रुक्मिणची धाकटी बहीण क्लासला आली. रुक्मिणनंच पाठवली. सरांनी लय जीव लावून शिकवलं, माझीच बोटं जड, असं घरी सांगते म्हणे. ऐकून घास उतरला नाही त्या दिवशी. पण उतरला दुसऱ्या दिवशी — तेही सांगून टाकतो.

पोरगी चार नंबरलाच बसते. हात चांगला आहे. परवा टाइप करता करता थांबली आणि विचारलं, “सर, अक्काला का जमलं न्हाई वो?”

क्लासमध्ये आम्ही दोघंच होतो. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

“तिचे हात जड होते,” मी म्हणालो.