सरळ काठाचं कापड

तो तपास विसरता आला असता तर मी केव्हाच विसरून मोकळा झालो असतो. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, भुसावळच्या यार्डातल्या मालचोरांमागे रूळ तुडवत पळालो. त्यातलं निम्मं आता धड आठवतही नाही. पण कापडाच्या तीन तुकड्यांची ही फाईल डोक्यातून जाता जात नाही. नावं कुणाचीच देत नाही. ती माणसं गेली, पण त्यांची मुलंबाळं अजून तिथेच नांदतात.

साठीचं दशक संपत आलं होतं. गिरणाकाठी, भडगावच्या बाजूला असलेल्या एका गावात मी फौजदार होतो. एप्रिलचं ऊन असं, की दुपारी बाराच्या पुढे फिर्यादीसुद्धा ठाण्याकडे फिरकत नसे. अशा एका दुपारी जळगावहून जिल्ह्याच्या साहेबांचं पाकीट आलं. त्यात एक तक्रारअर्ज होता आणि चौकडीच्या कापडाचे तीन तुकडे, लाखेने मोहरबंद केलेले. अर्ज दोनदा वाचला तरी मला ओ की ठो कळेना. शेवटी फोन लावला.

साहेब वैतागलेच. "अहो, एवढं काय अवघड आहे त्यात? तुमच्या गावचं कापड मुंबईचा व्यापारी विलायतेला पाठवतो. तिकडे आपलं मशीनवर विणलेलं कापड उतरलं की त्यावर भरमसाट जकात बसते. इतकी, की मग ते कुणी घेतच नाही. हातमागाचं असेल तर जकात माफ. हातमागाचं आहे हे सांगणारा शिक्का इथे विणकर सोसायटीने मारायचा. आता तिथले अधिकारी म्हणतात, शिक्का आहे पण कापड मशीनचं आहे."

"मग मी काय शोधू, साहेब?"

"कापड कुणी विणलं आणि शिक्का कुणी मारला, ते शोधा. पंधरा दिवसांत. पुरावा निघाला तर सोसायटीचा परवाना रद्द होईल. नाही निघाला तर तसं कळवा, माल सुटेल." फोन ठेवला त्यांनी.

विणकर आळीत तेव्हा साठेक माग होते. ती चौकडी गावात कुणी नेसत नव्हतं की शिवत नव्हतं, सगळा माल बाहेर जायचा. म्हणजे परवाना गेला की साठ चुली विझणार, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. शिक्का असायचा आबांकडे. आबा म्हणजे आळीतले सगळ्यात जुने विणकर, साठीला टेकलेले, अंगाने काटकुळे. प्रत्येक तागा उलगडून, बोटं फिरवून पाहायचे आणि मगच शिक्का मारायचे. त्यांची बायको, सगळी आळी तिला अक्का म्हणे, हाताची इतकी पक्की की मुंबईचा व्यापारी नमुना म्हणून तिचंच कापड न्यायचा. विणकरांच्या घरी बायका सहसा कांड्यांवर सूत भरतात, मागावर पुरुष बसतो. या घरात उलटं होतं. आबाच हसत सांगायचे, "हिना हात पाही ना, तवय मी माग सोडी दिना."

मी आळीत दोन चकरा मारल्या. सगळे गोड बोलले, चहा पाजला आणि कुणी काही सांगितलं नाही. असे लोक मला जास्त खटकतात. शिव्या देणारा माणूस बरा, तो काहीतरी बोलून जातो.

खबर मिळाली ती जकात नाक्यावर. नगरपालिकेचा नाकेदार माझ्या बसण्याउठण्यातला होता. पान जमवता जमवता तो म्हणाला, "भाऊ, एक गंमत सांगू का? विणकर आळीतून कापड गावाबाहेर जातं, हे आजवर पाहिलं. आत येताना पहिल्यांदाच पाहिलं."

"आत म्हणजे?"

"मार्गशीर्षात तीनदा बैलगाडी आली. धुळ्याकडून आलेल्या ट्रकमधून माल फाट्यावर उतरवून घेतलेला. चौकडीचे तागे. मी म्हटलं, आबा, तुमच्याच गावात तुम्ही कापड विकत आणता? तर म्हणाले, जकात किती ती सांग."

"आणि भरली?"

"भरली ना! पावती मागून घेतली वर."

मी कपाळावर हात मारून घेतला. अहो, लबाडीचा माल आणि नाक्यावर रीतसर जकात भरून पावती! कुठल्याही सराईताने ते तागे कडब्याखाली दडपून आणले असते. हा माणूस जन्मात कधी नाका चुकवून आला नव्हता, ते त्याच्या डोक्यातच आलं नाही. मी पावतीची नाक्यावरची स्थळप्रत ताब्यात घेतली, पंचनामा केला आणि आबांना ठाण्यावर बोलावून घेतलं.

तीन दिवस त्यांना बोलावत होतो. सकाळी येत, बाकावर बसत, दुपारी घरी जात. ठाण्याच्या दैनंदिनीत मी रोज लिहीत होतो, 'संशयिताकडे विचारपूस केली, उपयुक्त माहिती नाही.' पावतीबद्दल त्यांचं एकच उत्तर. "सायेब, लगीनसराई व्हती. इकाले आनेल कापड शे ते."

"कुणाकडून आणलं?"

"बाजारमा भेटेल मानूस. नाव नही माहीत."

धुळ्यात यंत्रमाग शेकड्यांनी. त्यातला नेमका कुठला, हे पावतीवर लिहिलेलं नव्हतं. गाडीवानाने फाट्यापलीकडचं काही पाहिलेलं नव्हतं. म्हणजे माझ्या हातात शून्य. रोज जळगावहून निरोप, 'प्रगती कळवा.' मला जेवण गोड लागेना. बाकावर तो म्हातारा शांत बसलेला आणि मी खोलीत येरझारा घालतोय, असं चाललं होतं. आमचा हवालदार जुन्या वळणाचा. म्हणाला, "साहेब, अर्धा तास माझ्याकडे द्या." मी त्याच्यावर खेकसलो. वडिलांच्या वयाच्या माणसावर हात टाकायला मन घेईना. आणि खरं सांगायचं तर मला खात्री होती, मारून हा बोलणार नाही.

पण बसल्या बसल्या एक गोष्ट मी टिपली होती. टेबलावर ते तीन तुकडे पडलेले असत. आबा सगळीकडे बघत, तिकडे बघत नसत. चुकून नजर गेलीच तर तोंड कडू झाल्यासारखं करीत आणि मान फिरवीत. गुन्हेगार पुराव्याला घाबरतो, ते मी पुष्कळ पाहिलं होतं. हे भय नव्हतं. ही किळस होती.

चौथ्या दिवशी मी एक तुकडा उचलला आणि त्यांच्यासमोर धरला. खोटं बोलायचं ठरवूनच बोललो.

"आबा, सुटलात तुम्ही. आळीतल्या दोघांनी सांगितलंय, हे कापड अक्कांच्या मागावरचं आहे. हातमागाचंच, पण काम अगदीच सुमार. जीव नाही त्यात. म्हातारपणी हात गेला असेल बाईंचा. तसा जबाब लिहितो, अंगठा द्या."

आबांनी तुकडा माझ्या हातातून हिसकावून घेतला. तीन दिवसांत त्यांना इतकं भराभर हलताना मी पाहिलं नव्हतं.

"हाई तिना हातनं नही!" ते ओरडले. हवालदार दारातून आत डोकावला. "काठ पहा सायेब, काठ! फूटपट्टी लाईसन आखेल सारखा सरळ शे. मानूसना हात असा चालस का? सकायना येगळा, दुपारना येगळा. तिना काठमा कोठे घट्ट, कोठे सैल, बोट फिरावं तं समजस. हाई मरेल कापड शे. मशीननं शे!"

आणि तुकडा टेबलावर टाकला. आपण काय बोलून बसलो हे त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उमटत गेलं. मला जिंकल्याचा आनंद झाला, हे मी लपवत नाही. फौजदाराला होतोच.

मग त्यांनी सगळं सांगितलं, मी पाणी मागवलं तरी न पिता. व्यापाऱ्याने एकदम दुप्पट मागणी घातली होती. दोन महिन्यांत माल दिला नाही तर पुढच्या वर्षापासून दुसऱ्या मुलखातून घेऊ, असं बजावलं होतं. साठ माग दिवसरात्र चालले तरी तेवढं होणार नव्हतं. तेव्हा आबांनी सोसायटीचं सूत धुळ्याला पाठवलं, यंत्रमागावर विणून आणलं आणि आपला शिक्का मारला.

"पण आबा, हे खोटं आहे, हे कळत नव्हतं का?"

"कळत व्हतं ना," ते म्हणाले, "एक इचारू का सायेब? आपला नाकावर मी जकात भरी. त्यासनी इचारं नही, हातनं शे का मशीननं. कापड शे ना, मंग इतला पैसा. त्या लोकेसले आपला कापूस चालस, त्यावर काही जकात नही. सूतवर थोडी. मशीनवर चांगलं कापड करा, तं इतली लावतस का कोनी घेवावच नही. म्हनजे आपन जितलं मांगे राहूत, तितलं त्यासले बरं. असं कसं?"

मी म्हणालो, "तो त्यांचा कायदा आहे." हे बोलताना मलाच ते पोकळ वाटलं.

दुसऱ्या दिवशी आबांनी दिलेल्या पत्त्यावर धुळ्याला गेलो. ज्यांनी कापड विणलं ते चाचा दहा-बारा मागांचे मालक. खटखटाटात ओरडून बोलायची सवय, अंगावर कापसाचा भुगा. काही लपवलं नाही त्यांनी. "साब, सूत त्यांचं, चौकडी त्यांची, मी मजुरी घेतली. शिक्का मी नाही पाहिला."

"कापड विलायतेला जाणार, हे माहीत होतं?"

"नंतर कळलं. हसू आलं बघा. माझे वालिद हातमागावर मेले. मी पै-पै जोडून मशीन घेतली, वाटलं, आता चार पावलं पुढे गेलो. आता तुम्ही सांगता, मी मागेच राहिलो असतो तर माझं कापड बोटीत बसलं असतं! हे पण लिहा ना जबाबात."

"विचारलं तेवढंच लिहितात जबाबात," मी म्हणालो. त्यांनी सही केली आणि पुन्हा मागाकडे वळले. जाताना चहासाठी थांबा म्हणाले, मी थांबलो नाही.

खटला लांबला नाही. आबांनी कोर्टात गुन्हा कबूल केला आणि सगळं एकट्याच्या अंगावर घेतलं. गाडीभर तागे आळीत उतरतात आणि साठ घरांना पत्ता नाही, हे कोण मानेल? मी मानल्यासारखं केलं आणि तपास तिथेच थांबवला. माझ्या नोकरीतला तेवढाच एक ढिलेपणा, आणि त्याची मला लाज वाटत नाही. आबांना सहा महिन्यांची साधी कैद झाली. सोसायटीचा परवाना रद्द झाला. मला साहेबांचं शाबासकीचं पत्र आलं.

अंगझडतीत जमा केलेल्या आबांच्या वस्तू घरी पोचवायच्या होत्या. शिपायाला पाठवता आलं असतं, पण मी स्वतः गेलो. का गेलो, मला माहीत नाही. बसवत नव्हतं म्हणून गेलो असेन. आळीत शिरलो तर एकाही मागाचा आवाज नाही. भर दुपारी पुरुष ओट्यांवर बसलेले. कुणी मला शिवी दिली नाही, कुणी उठलंही नाही.

अक्का दारातच भेटल्या. वस्तू घेतल्या, यादीवर अंगठा उठवला आणि म्हणाल्या, "सायेब, एक खरं सांगशात? ते कापड मनं शे, असं तुम्ही त्याले सांगं व्हतं ना?"

"हो."

"खोटं?"

"हो, खोटं."

"आन त्यानी हां म्हनतं तं? मंग काय करतात?"

मी टाळू शकलो असतो. तपासाच्या गोष्टी सांगायच्या नसतात, असं म्हणून निघून जाता आलं असतं. पण त्या बाईच्या नावावर एकदा खोटं बोललो होतो, आता तिच्या तोंडावर बोलणं जमलं नाही. म्हणालो, "माझ्याकडे दुसरा पुरावाच नव्हता, अक्का. हो म्हणाले असते तर अर्ज निकाली काढला असता. माल सुटला असता."

त्या खालीच बसल्या, उंबऱ्यावर. समोरच्या बंद मागाकडे पाहिलं. मग एकदम मोठ्याने म्हणाल्या, "येडा शे मना दादला! पुरा येडा! मी वाईट विनस, इतलं म्हनी देता तं काय बिघडतं त्यानं? सारी आळी जगती ना!" आणि पदर तोंडात कोंबून रडू लागल्या. रडता रडता मध्येच हसल्यासारखंही करत होत्या. ते रडणं दुःखाचं होतं की नवऱ्याच्या अभिमानाचं, मला आजही ठरवता येत नाही.

मी उन्हातून चालत ठाण्यावर आलो. खोटं बोलून खरं वदवून घ्यायची माझी ती युक्ती पुढे जिल्ह्यात नावाजली गेली. प्रशिक्षणाला येणाऱ्या पोरांना साहेब ती सांगायचे, "माणसाला काय सहन होत नाही ते शोधा, मग तो बोलतो." बरोबरच आहे, बोलतो. मी मात्र उरलेल्या नोकरीत ती पुन्हा कधी वापरली नाही.