नेलपॉलिशच्या खुणा

सुलक्षणा धुरीला पगार मिळायचा तो दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा. साकीनाक्याच्या एका कारखान्यात पितळेचे सुटे भाग तपासायला ती बसायची. शंभरातले सहा तरी बाद केल्याशिवाय तिला दुपारचा डबा गोड लागत नसे. पण ही सवय कारखान्याच्या फाटकापाशी ठेवून यावी की नाही? तीही सुलक्षणाबरोबर घाटकोपरच्या चाळीत घरी यायची. कुणी ‘विश्वास ठेव’ म्हणालं की हिचा उरलासुरला विश्वासही उडायचा. तिचंही सगळंच चुकत होतं असं नाही. तिचे वडील धाकू धुरी यांना संपाच्या वेळी ‘आठ दिवसांत मिटतंय’ असं सांगितलं होतं. त्याला चार वर्षं होऊन गेली, गिरणी काही उघडली नाही.

अशा मुलीनं नाद लावून घेतला तो तिरंदाजीचा. मुलुंडच्या एका मैदानावर नंदकिशोर सर शिकवायचे. दोन वर्षांत तिचा हात स्थिर झाला होता, पण पुढे जायचं तर नुसता हात पुरत नाही. धनुष्याला लावायच्या बारीकसारीक वस्तू निवडाव्या लागतात, आणि निवडल्या की जुळवत बसावं लागतं. त्या काळी या वस्तू दुकानात मिळतच नसत. कुणाचा भाऊ परदेशातून आणेल तेव्हा खरं. सुलक्षणानं बोटांना लावायचं चामडं नाक्यावरच्या चांभाराकडून चार वेळा कापून घेतलं. धनुष्य हलू नये म्हणून पुढे लावतात तो दांडा धाकूनं ओळखीच्या लेथवर वळवून आणला. राहिलं होतं ते बटण.

बटण म्हणजे करंगळीच्या पेराएवढी नळी. धनुष्याच्या मुठीत, बाण जिथे टेकतो तिथे ती बसते. आत स्प्रिंग असते. सुटताना बाण तिला रेटतो आणि ती त्याला सरळ करते. स्प्रिंग कडक झाली तर बाण डावीकडे, सैल झाली तर उजवीकडे. सारा खेळ एका स्क्रूच्या अर्ध्यापाव फेऱ्याचा.

हे बटण तिला मृणालिनी गुप्तेनं दिलं. मृणालिनी मैदानाजवळच राहायची, बँकेत होती आणि सुलक्षणाच्याच बरोबरीनं बाण मारायची. ‘‘दादानं मला नवीन आणलंय गं. हे पडूनच राहील. घे तू.’’

सुलक्षणानं घेतलं, पण त्या रात्री तिला झोप येईना. फुकट का दिलं? जिल्ह्याच्या संघात मुलींच्या चार जागा होत्या. तीन ठरल्यासारख्याच होत्या. चौथीसाठी दोघीच, ही आणि ती. आपल्याच तोंडचा घास कुणी असा दुसऱ्याला देतं का? दुसऱ्या दिवशी तिनं बटण कारखान्यात नेऊन व्हर्नियरनं मोजलं. खोट सापडली नाही, तेव्हा तिला जास्तच खटकलं.

महिनाभर ती ते जुळवत बसली. एक बाण पिसांचा, एक बिनपिसांचा, दोन्ही एकाच ठिकाणी लागेपर्यंत. लागले त्या दिवशी कारखान्यातल्या रिवाजाप्रमाणे तिनं प्रत्येक स्क्रूवर लाल नेलपॉलिशची रेघ ओढली, अर्धी स्क्रूवर, अर्धी नळीवर. कुणी केसभर फिरवलं तरी रेघ तुटणार.

‘‘पोलीस पंचनामा वाटतोय यार,’’ मृणालिनी हसली. सगळ्यांची धनुष्यं क्लबच्या कपाटात राहायची आणि त्याची किल्ली तिच्याकडेच असायची. सुलक्षणा हसली नाही.

खंडेनवमीला धाकूनं हट्ट धरला. ‘‘हत्यार आसा गो ता. पूजेक घरी हाडूक व्हया.’’ गिरणीत असताना साच्यांची, म्हणजे कापड विणायच्या मागांची, पूजा तो दरवर्षी करायचा. आता घरात पूजेला एक कोयता आणि एक पाना उरला होता. सुलक्षणानं धनुष्य आणलं. पाटावर मांडून म्हाताऱ्यानं झेंडूची माळ घातली. तो इतका खूश होता की तिलाही बरं वाटलं. दसऱ्यानंतर धनुष्य परत कपाटात गेलं.

आणि वाट लागली. निवड चाचणीला दहा दिवस उरले असताना बाण डावीकडे जायला लागले. तेही सारखे नाहीत. दोन बरोबर, तिसरा डावीकडे, चौथा त्याच्याही पलीकडे. तिनं रेघा बघितल्या. जशाच्या तशा. म्हणजे ज्यानं केलं त्यानं रेघ जुळवून परत बसवलं. हे ऐऱ्यागैऱ्याचं काम नव्हे, जाणत्याचं काम.

‘‘बटण अडकतंय तुझं,’’ मृणालिनी मागून म्हणाली. ‘‘दे, मी बघते.’’

‘‘तुला कसं कळलं बटणच आहे ते?’’

‘‘बाण सांगतोय ना!’’

सुलक्षणाच्या डोक्यात तिडीक गेली. सगळे धनुष्यं आवरत होते, नंदकिशोर सर तिथेच उभे होते. ती मोठ्यानं म्हणाली, ‘‘सर, कपाटाची किल्ली एकीकडेच का? माझ्या धनुष्याला हात लागलाय. कुणाचा ते मी सांगायला नको.’’

मृणालिनीचा चेहरा पांढरा पडला. तिनं पर्समधून किल्ली काढली, सरांच्या हातात दिली आणि निघून गेली. दोन दिवसांनी कळलं, चाचणीतून तिनं नाव मागे घेतलं होतं. सुलक्षणाला वाटलं, बघा, चोराच्या मनात चांदणं! तिनं धनुष्य घरी आणलं आणि दाराला आतून कडी लावून बटण उघडलं.

स्प्रिंगच्या वेटोळ्यांत लालसर चिकट गाळ बसला होता. बोटावर घेऊन तिनं वास घेतला. मशीनचं तेल, आणि त्यात कुंकू.

‘‘बाबा, तुम्ही हे उघडलं होतं?’’

‘‘मगे?’’ धाकू सहज म्हणाला. ‘‘पूजेआधी साच्याक तेल घालतत ना! सुको साचो कोण पूजता? तेल घातलंय, कुंकू लावलंय आणि तुझ्या रेघेर परत बसवलंय. केसभर हललो नाय.’’ बोलताना त्याचा चेहरा अभिमानानं फुलला होता. चाळीस वर्षं साचेखात्यात काढलेला माणूस, रेघ चुकवणार कसा?

तिला स्वतःची इतकी लाज कधीच वाटली नव्हती. म्हाताऱ्याला रागवायला तोंडच नव्हतं.

दुसऱ्या संध्याकाळी ती मृणालिनीच्या बिल्डिंगचे तीन जिने चढली. मृणालिनीनं दार उघडलं, पण आत ये म्हणाली नाही. सुलक्षणानं तेल, कुंकू, सगळं सांगितलं. माझं चुकलं म्हणाली.

‘‘सगळ्यांसमोर बोललीस,’’ मृणालिनी म्हणाली, ‘‘आणि आता जिन्यात सांगतेस?’’

दार बंद झालं. सुलक्षणा तशीच मैदानावर गेली. नंदकिशोर सरांना तिनं सगळ्यांना जवळ बोलवायला लावलं आणि बारा जणांसमोर झालं ते सगळं सांगितलं. आवाज दोनदा फुटला. एकदोघं हसली. सरांनी मृणालिनीचं नाव परत यादीत घातलं.

चाचणीच्या सकाळी मृणालिनी आली. कुणाशी फारसं बोलली नाही. सुलक्षणानं बटण धुऊन पुसून बसवलं होतं, पण कारखान्यात ओव्हरटाइम चालू होता, नव्यानं जुळवायला मोकळी संध्याकाळ एकच मिळाली होती. सरावाचे तिन्ही बाण डावीकडे गेले. सरावाची आणखी एकच फेरी होती. तिनं मागे वळून बघितलं. सर लांब पंचांच्या टेबलापाशी होते. हे ज्याला कळतं असं एकच माणूस जवळ होतं.

‘‘मृणालिनी, बघतेस का जरा?’’

मृणालिनी आली. दोन हात लांब उभी राहिली. ‘‘सोड एक.’’ बाण सुटला. ‘‘अजून कडक आहे. अर्धा फेरा सैल कर.’’

‘‘तूच कर ना.’’

‘‘नाही.’’ तिनं दोन्ही हात पाठीमागे घेतले. ‘‘मी हात लावणार नाही. तूच कर. सगळे बघतायत.’’

सुलक्षणानं स्क्रूला बोट लावलं, आणि त्या क्षणीसुद्धा तिच्या मनात आलंच, ही खरं सांगतेय ना? मी कशानं अशी झालेय, असं वाटून तिचे डोळे भरून आले. तिनं अर्धा फेरा फिरवला. पुढचा बाण मधोमध, पिवळ्यात लागला. त्याच्या शेजारी दुसरा. तिनं वळून बघितलं तर मृणालिनी आपल्या जागेवर जाऊन दोरी ओढत होती.

संध्याकाळी आकडे लागले. सुलक्षणा चौथी, मृणालिनी पाचवी. फरक सात गुणांचा. धाकू लेकीचं कौतुक सगळ्यांना सांगत सुटला, ‘‘माझा चेडू!’’ सुलक्षणाला वाटलं, हरले असते तर मोकळी झाले असते. ती मृणालिनीपाशी गेली. मृणालिनीनं हात मिळवला, ‘‘झकास मारलेस गं,’’ म्हणाली, आणि ते मनापासून होतं. खाली तिची धनुष्याची बॅग अर्धवट भरलेली पडली होती. सुलक्षणा वाकून एकेक वस्तू आत ठेवायला लागली.

‘‘राहू दे,’’ मृणालिनी पटकन म्हणाली आणि बॅग स्वतःकडे ओढून घेतली. ‘‘माझं मी भरते.’’