आवाज केल्यावर बिबट्या लांब जातो

‘आवाज केल्यावर बिबट्या लांब जातो. अपेक्षित वर्तन: जवळ यायला हवा. सिव्हिअरिटी: हाय.’

सकाळी लॅपटॉप उघडला तर हा बग माझ्या नावावर येऊन पडलेला. बग म्हणजे गेममधली चूक, सिव्हिअरिटी हाय म्हणजे गंभीर चूक. पुण्याच्या ऑफिसात क्यूएची टीम असते, दिवसभर गेम खेळून चुका शोधणं हे त्यांचं काम. ऐकायला मजेचं वाटतं, पण तोच दरवाजा पुन्हा पुन्हा उघडून बघायचा म्हणजे काय ते त्यांनाच विचारा. त्यांनी शोधलेली ही चूक मात्र चूक नव्हती. मी ते मुद्दाम केलं होतं. इतक्या वर्षांच्या नोकरीत मुद्दाम, स्वतःच्या डोक्यानं केलेली गोष्ट ती एवढीच.

मी लेव्हल डिझायनर आहे. खेळाडू कुठून चालणार, कुठे अडणार, कुठे दचकणार, हे ठरवणारा माणूस. परदेशातल्या मोठ्या कंपन्यांचे गेम असतात, त्यातले तुकडे आमची पुण्याची कंपनी करून देते. मी ते आळे गावाजवळच्या आमच्या वस्तीवरून करतो. आई आजारी पडली तेव्हा वर्क फ्रॉम होम मागून आलो. आई गेली, वर्क फ्रॉम होम राहिलं. आता घरात मी, दोन मॉनिटर आणि भोवती ऊस. लग्नाचं म्हणाल तर एक-दोन स्थळं आली होती. ‘गेम बनवतो म्हणजे नेमकं काय?’ असं पाहुण्यांनी विचारलं, मी समजावून सांगितलं, आणि तेवढ्यानंच ते चहा संपवून उठले.

बाहेरच्यांना वाटतं, गेम बनवणं म्हणजे रोज नवी कल्पना. छे! उंच मनोरा असतो. त्यावर चढलं की नकाशा उघडतो. लाल पिंप दिसलं की गोळी मारायची, ते फुटतंच. मोकळं मैदान आलं आणि कोपऱ्यात गोळ्यांचे खोके दिसले, की आता मोठा राक्षस येणार हे शेंबडं पोरही सांगेल. मी असे मनोरे बर्फात बांधलेत, वाळवंटात बांधलेत आणि एकदा मंगळावरही बांधलाय. शिडी तीच. खरोखर तीच, जुन्या फाइलमधून उचललेली.

यावेळी क्लायंटनं सांगितलं होतं, ‘काहीतरी फ्रेश हवंय.’ सोबत नमुना म्हणून पाच जुने गेम पाठवले होते. गेम एका काल्पनिक बेटावरचा, आणि माझ्या वाट्याला आला होता तिथला उसाचा मळा. मळ्यात बिबट्या. ते वाचून मी खुर्चीतून उठून खिडकीशी गेलो. आयुष्यात पहिल्यांदा कामाची गोष्ट खिडकीतून दिसत होती.

आमच्याकडे बिबट्या नवा नाही. धरणांचं पाणी आलं, ऊस आला, उसाबरोबर तो आला. आता त्याची पिल्लंसुद्धा उसातच जन्मतात. भीती आहेच, माणसं गेली आहेत. पण मोटर तर चालू करावी लागते. मी परत आलो त्या सुरुवातीच्या दिवसांत दुपारी लाईट आली की हेडफोन गळ्यात तसाच ठेवून, मान खाली घालून पाणंदीनं विहिरीकडे जायचो. दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर ऊस. एकदा शेजारच्या सिंधूकाकूनं मला बांधावरूनच हटकलं.

“आरं मंगेश, मुक्यानं कुटं चाललास? बोलत जा की.”

“कुणाशी बोलू काकू?”

“कुणाशीबी बोल. त्याला कळाया पायजे माणूस येतंय. मंग त्यो आपन व्हऊन सरकतो. आन् खाली बसू नको, वाकू नको. वाकलेलं माणूस त्याला शेरडावानी दिसतं.”

“तुम्ही कुणाशी बोलता?”

“मी? ह्यांच्याशी.”

काका जाऊन तेव्हा बराच काळ झाला होता. पण ते खरंच होतं. काकू पाणंदीला लागली की तिचा आवाज सुरू व्हायचा, आणि तो मोठ्यानं, भांडल्यासारखा. ‘आवो, ऐकलं का? लाईट आली. मीच चाललेय, तुमी व्हता तवा तरी कुटं येळेवर उठला? थोरल्याचा फोन आला व्हता. पैशापाण्याचं बोलला, कसा हाये त्ये बोलला न्हाई. तुमच्या चपला आजून दारातच हायेत. कुनाला देऊ सांगा.’ आवाज उसातून पुढे सरकत जायचा. काकू दिसायची नाही, पण कुठवर पोचली ते मला घरात बसून कळायचं.

मी तेच लेव्हलमध्ये घातलं. बंदूक नाही. मळ्यात काम करणारी एक बाई, तिला ऊस ओलांडून पलीकडे पंपापर्यंत जायचंय. बटण दाबून धरलं की ती बोलते, गेलेल्या नवऱ्याशी. बोलत राहिलं तर बिबट्या दूर राहतो. गप्प झालं की ऊस हलतो. वाकलं तर संपलंच. क्लायंटनं बिबट्या म्हणून आम्हाला मागच्या गेममधला लांडगा दिला होता, वरून ठिपक्यांचं कातडं चढवून. याला आमच्यात रीस्किन म्हणतात. त्या लांडग्याला आवाजाची ओढ किती, हे सांगणारा एक आकडा होता. मी त्याच्याआधी वजाचं चिन्ह टाकलं. बाकी काही नाही.

बाईचा आवाज काकूचा. मी तिला सगळं सांगितलं, माइक दाखवला. ती आधी लाजली, मग विचारलं, “म्हंजी लोकं परदेशात ह्यांच्याशी बोलनं ऐकणार?”

“हो. खाली इंग्रजीत लिहून येईल.”

“नाव न्हाई घ्यायची मी त्यांचं.”

“नका घेऊ. तुम्ही बोलता तसंच बोला.”

“आन् बिबट्या जाईल ना पर?”

“जाईल काकू. म्हणून तर करतोय.”

ती माझ्या पुढे पाणंदीनं बोलत गेली आणि मी माइक धरून मागे. परवानगीच्या कागदावर सही तेवढी राहिली होती. कंपनीचा कागद यायचा होता.

तर, तो बग. मी त्यावर ‘हे असंच हवं आहे’ असं लिहून बंद केला. संध्याकाळी तो पुन्हा उघडला गेला. मी पुन्हा बंद केला. मग रुचाचा फोन आला. रुचा म्हणजे आमची लीड, माझ्यापेक्षा लहान, हुशार आणि सरळ बोलणारी. हे सांगतो कारण पुढचं ऐकून तुम्हाला ती वाईट वाटेल. ती तशी नाही.

“मंगेश, प्लेटेस्टचे व्हिडिओ बघितलेस?”

प्लेटेस्ट म्हणजे बाहेरची माणसं बसवून त्यांना गेम खेळायला देतात आणि मागून बघत बसतात. मी बघितले होते. ऊस दिसला रे दिसला की प्रत्येक जण वाकत होता. दुसऱ्या सगळ्या गेमनी त्यांना तेच शिकवलंय: उंच गवत म्हणजे लपायची जागा, वाका, गप्प राहा, शत्रूला दिसणार नाही. वाकत होते, गप्प राहत होते आणि मरत होते. मग कंट्रोलर आपटून ‘अनफेअर’ म्हणत होते.

“शिकतील ना,” मी म्हणालो. “दोनदा मेले की बोलायला लागतील.”

“दोनदा मेले की गेम बंद करतात, राव. आणि समज, शिकले. पुढच्या सगळ्या लेव्हल्समध्ये आवाज म्हणजे धोका आहे. तिथे हे बडबडत जाणार आणि मरणार. एकाच गेममध्ये दोन नियम कसे ठेवायचे?”

खरं सांगायचं तर ती बरोबर बोलत होती. म्हणून मी आवाज चढवला.

“त्यांनीच फ्रेश मागितलं होतं ना?”

“फ्रेश मागितलंय, वेगळं नाही मागितलं.” ती हसली, पण लगेच थांबली. “मी भांडले रे त्यांच्याशी. खरंच भांडले.”

एक व्हिडिओ मात्र वेगळा होता. एक मध्यमवयीन माणूस, टक्कल पडलेला, पंपापर्यंत नीट पोचला. लेव्हल संपली होती, पुढे जायचं दार उघडं होतं. तो गेलाच नाही. तिथेच उभा राहून बटण दाबून धरून ऐकत राहिला. काकूचं चपलांचं वाक्य आलं, ते संपलं, पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. रिपोर्टमध्ये लिहिलं होतं, ‘खेळाडू गोंधळला, पुढे सरकला नाही.’ तो गोंधळलेला नव्हता. मी तो व्हिडिओ किती वेळा पाहिला ते विचारू नका. जगात कुठेतरी एक माणूस मला कळला होता आणि त्याला मी कळलो होतो, असं वाटलं. त्याचं नाव मला माहीत नाही, असल्या कागदांवर नावं नसतात.

पुढच्या आठवड्यात नवं बिल्ड आलं. बिल्ड म्हणजे गेमची त्या दिवसापर्यंतची जुळवून चालवता येणारी प्रत. मी माझी लेव्हल उघडली. बाईच्या जागी नेहमीचा गेमचा नायक, खांद्यावर रायफल. मळ्याच्या कडेला मनोरा. शिडी तीच. वजाचं चिन्ह गेलं होतं.

आणि काकूचा आवाज राहिला होता. तो क्लायंटला आवडला होता. त्यांनी त्याचा ‘लूर’ केला होता, म्हणजे आमिष. नायकानं एक छोटा रेडिओ उसात फेकायचा. रेडिओतून काकू बोलते. बिबट्या त्या आवाजाकडे येतो, झडप घालतो, आणि नायक त्याला गोळी घालतो. मी रेडिओ फेकला. ‘आवो, ऐकलं का? लाईट आ—’ आणि झडप.

मी हेडफोन काढून ठेवला. घरात कुणी असतं तर त्याला सांगितलं असतं. कुणी नव्हतं, म्हणून लॅपटॉप काखोटीला मारून मी काकूकडे गेलो. जाताना पाणंदीत मोठ्यानं शिव्या देत गेलो, त्यामुळे नियमही पाळला गेला.

काकू ओसरीवर लसूण सोलत होती. मी लॅपटॉप उघडून ते दाखवलं. तिनं नीट पाहिलं. पहिल्यांदा ती हसली, “आगं बया, मला खाल्लं की!” मग म्हणाली, “परत दाव.” मी पुन्हा दाखवलं. यावेळी ती हसली नाही.

“मी बोलत असताना त्यो आला?”

“हो.”

“तू तर म्हनला व्हता जाईल.”

“माझ्या हातात नाही राहिलं काकू. त्यांनी उलटं केलं.”

तिनं लसणाची सुपली बाजूला सारली. “हितली पोरं खेळतात ना ह्ये? मोबाइलवर?”

“हा नाही, पण असलेच खेळतात.”

“मंग ती गप गप उसात शिरतील की रं. माज्या आवाजानं त्यास्नी उलटं शिकवायचं व्हय? पाप लागंल मला.” मग ती हळूच म्हणाली, “आन् आमचं ह्ये ऐकत असतील तर त्यांना काय वाटंल? मी हाक मारली आन् त्यो आला?”

“कागदावर अजून तुमची सही नाही. नको म्हणालात तर त्यांना काढावा लागेल.”

“काढ. सगळा काढ.”

मी रुचाला तसं कळवलं. ती एकदाच म्हणाली, “तेवढं एकच तर तुझं उरलं होतं त्यात.” मी म्हटलं, म्हणूनच. तिनं अर्ध्या दिवसात आवाज काढून घेतला, वरच्या कुणाला बोलू दिलं नाही. याबद्दल मी तिला आयुष्यभर मानेन. रेडिओत आता गजराच्या घड्याळाची घंटा वाजते. ती घंटा मी याआधी दुसऱ्या चार गेममध्ये ऐकली आहे.

गेम बाजारात आला, चांगला खपला. लोकांनी लिहिलं, ‘परत तेच मनोरे, परत तेच गवत, यांना नवीन काही सुचतच नाही का?’ मी ते जेवताना वाचलं. घास खाली ठेवून कुणाला तरी वाचून दाखवावंसं फार वाटलं.

काकूचं रेकॉर्डिंग मला पुसवलं नाही. तिला विचारलं, तर म्हणाली, “असू दे तुज्याजवळ. माणसात राहील.” त्यावर मला धीर आला आणि मी म्हणालो, “काकू, एक करू. तुम्ही मोटरीला निघालात की मला फोन लावा, मी निघालो की तुम्हाला लावतो. बोलत बोलत जाऊ. दोघांचंही काम होईल.”

ती माझ्याकडे मायेनं बघत राहिली. नाही म्हणायचं असलं की ती अशीच बघते.

“आरं, तुज्याशी बोलत ऱ्हायले तर ह्यांच्याशी कवा बोलू?”

बरोबर होतं तिचं. तिच्याकडे बोलायला माणूस होता.

म्हणून मी एकटाच जातो. दुपारी लाईट आली की पाणंदीला लागतो आणि त्या दिवसाचे बग मोठ्यानं म्हणत जातो. दरवाजा उघडत नाही. सावली चुकीच्या बाजूला पडते. नायकाचा हात भिंतीत जातो. ऊस स्थिर असतो. पलीकडच्या पाणंदीतून कधी कधी काकूचं भांडण ऐकू येतं, मग मी जरा हळू बोलतो.

गेमच्या धंद्यात एक नियम पक्का आहे, आवाज केला की कुणीतरी येतं. मी इथे रोज मोठ्यानं बोलत जातो. अजून कुणीही आलेलं नाही. म्हणजे माझं डिझाइन बरोबर होतं.