सिनेमातल्या नायिकेची आई

मैत्रिणींनो, ते जुने ब्लॅक अँड व्हाइट विनोदी सिनेमे मला किती आवडतात, तुम्हाला माहीतच आहे. श्रीमंत नवरा शोधायला निघालेली नायिका शेवटी साध्याच माणसाच्या प्रेमात पडते, तसले.

आज टाकव्याहून खंडाळ्याला स्थळाचं घर बघायला गेलो. खरं तर मुलीने जायचं नसतं, मी हट्टाने गेले. मुलाचा फोटो बंगल्यासमोरचा, म्हणून बंगला त्याचाच, असं आई धरूनच चालली होती.

आम्ही लवकर पोचलो. झाडांना पाणी घालणाऱ्याला आईने विचारलं, "भाऊ, नवरदेव कुटं हाय?"

"मीच तो, मावशी. बंगला मालकांचा हाय, मी सांभाळतो. ऱ्हायला मागं दोन खोल्या हायेत."

आईचा चेहराच पडला. त्याने मात्र बागेतली गवती चहाची पात तोडून स्वतः चहा केला. माझ्या कपाचा टवका उडालेला दिसताच गुपचूप आपला कप मला दिला.

गाडीत आई म्हणाली, "न्हाई जमायचं." मी कामशेत येईपर्यंत मागच्या काचेतून बघत राहिले.

सिनेमात अशा वेळी नायिका गाडी थांबवते आणि धावत परत जाते. मला एवढंच सांगा, तेव्हा तिची आई कुठे बसलेली असते?